दोन घरांची एक बाटली

मुलांनो, गेल्या आठवड्यात तुमच्या आईचा साखर मोजायला दंडावर लावायचा सेन्सर तुमच्याकडच्या एकाही दुकानात मिळत नव्हता. तुम्ही दोघं मला व्हिडिओवर हसत हसत सांगत होतात, की आईने उगाच सगळ्या दुकानांत फोन केले, बाबांना गाडी काढायला लावली आणि शेवटी एक सेन्सर घरच्याच कपाटात सापडला. तुम्हाला गंमत वाटली. तुमची आई तुमच्या मागे उभी होती आणि ती हसत नव्हती. नंतर तिने मला वेगळा फोन केला. म्हणाली, "आई, तूच लिही त्यांना. मला नाही जमत." म्हणून हे लिहिते आहे. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मी सगळं पहिल्यापासून, ओळीने सांगणार.

तुमची आई शाळेत असतानाच तिला मधुमेह झाला. गोळ्यांनी भागणारा नव्हे, रोज इन्शुलिन टोचावं लागणारा. तेव्हा आम्ही कळंबोलीला राहायचो. मी पनवेलच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि तुमचे आजोबा न्हावा शेवा बंदरात माल सोडवून देणाऱ्या एका कंपनीत होते. घरासमोरून थोड्या अंतरावर पुण्याचा रस्ता जायचा. त्यावरून लोखंड भरलेले ट्रक दिवसरात्र धावत, आणि आमच्या काचेच्या कपाटातल्या बश्या सतत बारीक किणकिणत असत. पाहुण्यांना त्याचा त्रास व्हायचा. आम्हाला तो आवाज ऐकूही येत नसे.

रक्तातली साखर घरी बघायला पट्ट्या मिळत. बोट टोचायचं, पट्टीवर थेंब ठेवायचा, मिनिटभराने कापसाने पुसायचा आणि पट्टीला आलेला रंग बाटलीवर छापलेल्या रंगांशी ताडून पाहायचा. पट्ट्या परदेशातून येत आणि कधी येतील याचा भरवसा नसे, म्हणून मी प्रत्येक पट्टी नव्या ब्लेडने उभी चिरून तिच्या दोन करायची. असं बरेच जण करत. पण ते कोणी बोलून दाखवत नसे, कारण मुळात आजारच कोणी बोलून दाखवत नसे. मुलीचं हे बाहेर कळलं तर पुढे तिला कोण करून घेईल, असं तुमच्या पणजीचं म्हणणं होतं आणि घरात ते सगळ्यांनी मानलं होतं. कोणी पेढा पुढे केला की तुमच्या आईने म्हणायचं, "माझा उपास आहे." एवढीशी पोर, किती देवाधर्माची, असं बायका कौतुकाने म्हणत.

आमच्या सोसायटीत उपासांसाठी प्रसिद्ध अशा आणखी एक बाई होत्या. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू. त्यांच्या यजमानांचं लोखंड बाजारात ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं, त्यामुळे इमारतीत फोन होता तो त्यांच्याकडेच. फोन करायला जाणाऱ्या प्रत्येकाचं बोलणं त्या ऐकत आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्या जिन्यांवर पोचलेलं असे. मी त्यांना टरकून असायची.

त्या हिवाळ्यात ट्रकवाल्यांनी संप केला. पहिल्या सकाळी मी जागी झाले आणि काहीतरी चुकलंय असं वाटत राहिलं. स्वयंपाकघरात गेल्यावर लक्षात आलं, बश्या वाजत नव्हत्या. खिडकीतून पाहिलं तर ट्रक रस्त्याच्या कडेला एकामागे एक उभे होते, थेट नजर पोचेल तिथपर्यंत. ती शांतता काही केल्या सोसेना. भाजी महागली, गॅसचे सिलिंडर येईनासे झाले, आणि मग औषधांच्या दुकानांतली फडताळं रिकामी दिसू लागली.

तुमचे आजोबा बंदरातून आले की मी विचारायची, "काही हललं?"

"पट्ट्यांचा कंटेनर यार्डात उभा आहे. मी स्वतः कागद पूर्ण केलेत त्याचे," ते म्हणत. "उचलायला गाडी नाही."

रोज तेच उत्तर. मी पट्ट्या आणखी जपून वापरू लागले.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तुमच्या आईला ताप भरला. संक्रांतीला सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या आणि पट्ट्या संपल्या, दोन्ही एकदमच. मग मी जुनी रीत काढली. बेनेडिक्टचं निळं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि ज्योतीवर उकळायचं. पाणी विटेसारखं लाल झालं, म्हणजे साखर खूपच वाढलेली. पण लघवी सांगते ती काही तासांपूर्वीची गोष्ट. आत्ता रक्तात काय चाललंय ते तिला माहीत नसतं. पोरीच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. जास्त इन्शुलिन द्यावं आणि साखर खाली कोसळली तर? न द्यावं आणि रक्तात विष साठत गेलं तर? दोन्हीकडे मरणच होतं. हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही.

आजोबा स्कूटर घेऊन वाशीकडे गेले. मी आमच्या भागातली दुकानं पायी धुंडाळली. पहिल्या दुकानदाराने मान हलवली. "मॅडम, पट्टी नाय. संप मिटू द्या." दुसऱ्याकडे एक बाटली होती. मी तिथेच झाकण उघडलं. आतल्या सगळ्या पट्ट्या दमट हवेने आधीच निळ्या पडल्या होत्या, थेंबाची वाट न बघता. "चालतंय का बघा ना," तो म्हणाला. मी झाकण लावून बाटली परत केली.

घरी आले तर तुमच्या आईचा श्वास जोरजोरात चालला होता, आणि खोलीत पिकून उतरलेल्या फळासारखा गोडूस वास होता. घरात फळ नव्हतं; वास तिच्या श्वासाला येत होता, विष साठू लागल्याची खूण. आजोबा अजून परतले नव्हते, संपाला पाठिंबा म्हणून रिक्षाही बंद होत्या. शेजघरात पणजीला बसवून मी डॉक्टरांना फोन करायला वर गेले.

दार उघडंच होतं. काकूंकडे हळदीकुंकू होतं. काळ्या साड्या नेसलेल्या बायकांनी हॉल भरला होता. मी फोनपाशी गेले आणि मुंबईतल्या डॉक्टरांशी मुद्दाम इंग्रजीत बोलले, म्हणजे कोणाला कळू नये. डॉक्टर म्हणाले, रक्ताचा आकडा सांगा, मग डोस सांगतो; अंदाजाने मी सांगणार नाही. दिवेलागणीपर्यंत पट्टी मिळाली नाही तर कसंही करून तिला इकडे आणा. कसंही म्हणजे कसं, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

फोन ठेवला तेव्हा हॉलमधल्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"काय हो टीचर," काकू म्हणाल्या, "सणासुदीला इंग्रजी? आणि लेक कुठाय? तिळगूळ घ्यायला नाही आली ती?"

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "तिचा उपास आहे."

एक बाई फस्सकन हसली. काकूंनी भुवया वर केल्या. "संक्रांतीला? अहो, आज कसला उपास! आज काय कोणी उपास करतं?"

"शिकलेल्यांची पद्धत वेगळी असेल," कोणीतरी मागून म्हणालं, आणि सगळ्याच हसल्या. मी जायला निघाले.

"थांबा. वाण न घेता निघालात?" काकू आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने आल्या. बाकीच्यांच्या हातात प्लास्टिकच्या गाळण्या होत्या. मला त्यांनी झाकणाचा एक हिरवा डबा दिला, हळदीकुंकू लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "साबुदाणा आहे. उपासवाल्यांना दुसरं काय देणार?" पुन्हा हशा पिकला. माझ्या हातावरची त्यांची पकड मात्र घट्ट होती.

खाली येऊन मी डबा उघडला. वर खरोखरच साबुदाणा होता. मी तो ताटात ओतला, आणि त्यातून पट्ट्यांची बाटली बाहेर पडली. आत पट्ट्या होत्या, पण आमच्यापेक्षा बारीक. काकू एका पट्टीच्या तीन करत होत्या.

पट्टीवर रंग आला तो बाटलीवरच्या शेवटच्या, सगळ्यात गडद रंगाच्याही पलीकडचा. मी पुन्हा वर धावले. बायका गेल्या होत्या. डॉक्टरांनी डोस सांगितला, चमचाचमचा मिठाचं पाणी द्यायला सांगितलं, आणि दर तासाला पट्टी बघून कळवा म्हणाले. काकू शेजारी उभ्या होत्या.

"तुमची पोर पेढ्याला नाही म्हणायला लागली ना, तेव्हाच मी ओळखलं. आज फोनवर 'इन्शुलिन', 'स्ट्रिप' एवढं कळलं," त्या म्हणाल्या. "मी पण तेच म्हणते. किती वर्षं झाली."

"काकू, घरात आणखी आहेत ना पट्ट्या?"

"बाटली एकच. रंग तिच्यावरच छापलेत, म्हणजे दोघींना तीच लागणार. तुमचं झालं की वर पाठवा. आणि ऐका टीचर. माझ्या दोन्ही मुलींची लग्नं होईपर्यंत तुम्ही तोंड उघडायचं नाही. तुमचीचं होईपर्यंत मी नाही उघडणार."

अंधार पडता पडता पट्टीचा रंग एक पायरी उतरला, मग आणखी एक. तुमचे आजोबा रिकाम्या हाताने आले आणि दारातच बसले. उजाडताना तुमच्या आईने पाणी मागितलं आणि ते पोटात राहिलं.

संप चालू होता तोवर तो डबा जिन्यावरून वर-खाली जात राहिला. रिकामा डबा परत करायचा नसतो, म्हणून मी त्यात कधी शेंगदाणे घालायची, काकू साबुदाणा. दोन्ही घरचे उपास वाढलेत असं सोसायटीत बोललं जाई. बाटलीतल्या पट्ट्या कमी होताना आम्ही दोघी बघत होतो, पण त्याबद्दल बोललो नाही. कधी कधी डबा खाली यायचा आणि पट्ट्या होत्या तेवढ्याच असायच्या. काकूंनी आपलं बोट टोचलंच नसायचं. मी शेंगदाण्यांवर चिठ्ठी ठेवली, "तुम्हीपण बघा." चिठ्ठी तशीच परत आली.

मग एका दुपारी बश्या किणकिणल्या. तुमची आई पुस्तक टाकून खिडकीशी धावली.

त्यानंतरही डबा येत-जात राहिला, सवयीने. काकूंच्या एका मुलीचं लग्न झालं. दुसरीचं ठरलं होतं, तेव्हा एका सकाळी काकू उठल्याच नाहीत. इमारतीत सगळ्यांना हार्ट अटॅक असं सांगण्यात आलं. मीही तेच सांगितलं; दुसरीचं लग्न व्हायचं होतं, आणि साखरेचं नाव न काढण्याचं आमचं ठरलेलं होतं. त्या वेळी डबा आमच्याकडे होता.

काकूंच्या दोन्ही मुली आपापल्या घरी सुखात आहेत. तुमच्या आईने पुढे लग्न ठरण्याआधी तुमच्या बाबांना सगळं स्वतःच सांगून टाकलं. हिरवा डबा माझ्या स्वयंपाकघरात आहे, त्याचं झाकण आता नीट बसत नाही. बाटली त्याच्यातच आहे. तिच्यावरचे रंग उडालेत, फक्त शेवटचा गडद तेवढा दिसतो.