पायाळूचा पाय

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझे आधी पाय बाहेर आले. एवढ्या कर्तबगारीवर गंगापूरच्या सासरी माझा भाव वधारला. कुणाच्या पाठीत उसण भरली की तो आमच्या ओसरीवर पालथा पडायचा आणि मी त्याच्या पाठीला तीनदा पाय लावायचे. लोक बरे होत. उसण तशीही दोन-चार दिवसांत उतरते, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मान कुणाला नको असतो?

आम्ही शहरात, छावणी भागात राहायला आलो तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती. शाळेतून आली की दप्तर टाकून आडवी व्हायची, पाठ दुखते म्हणायची. सासूबाई म्हणाल्या, घरात पायाळू असताना दवाखाना कशाला? मला ते गोड लागलं. तिला चटईवर पालथं झोपवलं. पहिल्या दिवशी ती खिदळली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, पाय नको लावू. लई दुखतंय." मी म्हटलं, झालंच, एकदाच. महिनाभर अधूनमधून माझं हेच चाललं होतं.

मग तिला वाकून चप्पलही घालता येईना. तेव्हा कुठे आम्ही हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. एमआरआयमध्ये पाठीचा एक मणका पार चपटा झालेला दिसला. सुईनं तुकडा काढून तपासल्यावर कळलं, लहान मुलांच्या हाडात क्वचित होणारा आजार आहे, हाड आतून पोखरतो. ऑपरेशन नको, पट्टा बांधायचा, अधूनमधून एक्स-रे काढायचा आणि वाट बघायची.

डॉक्टरांनी विचारलं, पाठ कुणी चोळली, दाबली का? मी सरळ नाही म्हटलं. नवरा फायलीतले कागद सारखे करू लागला. मुलगीच म्हणाली, "आईनं पाय लावला. रोज नाय, कधीकधी."

डॉक्टर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"आजार तुमच्या पायानं झालेला नाही," ते म्हणाले. "पण मणका नेमका कधी खचला, ते मी सांगू शकणार नाही."

आता वर्ष झालं. मणका थोडा थोडा भरतोय म्हणतात. सासूबाई नशिबाला बोल लावतात. मला त्यांचा संताप येतो, पण बोलायला मला तोंड नाही. पट्टा मागून आवळावा लागतो. सकाळी मी तो हातात घेतला की ती भिंतीला पाठ लावून उभी राहते, आणि बाप आंघोळ करून येईपर्यंत तिथून हलत नाही.