राजाची उडी

महायुद्ध संपलं त्या सुमाराला सांगलीत मुलांची बुद्धिबळ स्पर्धा होती. पहिल्याच फेरीत माझ्यासमोर माण भागाकडचा एक धनगराचा पोरगा आला. खांद्यावरची घोंगडी खुर्चीवर अंथरून मगच बसला. नाव विसरलो, अंगठा आठवतो. प्रत्येक मोहरा तो अंगठ्याने दाबून बसवायचा, जणू वाऱ्याने उडून जाईल.

मी पहिलं प्यादं दोन घरं टाकलं. त्याने गावच्या रीतीने एकच घर सरकवलं. मी गालात हसलो. पुढे मी किल्लेकोट करून राजा हत्तीच्या आड कोपऱ्यात नेला, तेव्हा तो बघतच राहिला. मग त्याने आपला राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवला.

"इथे विलायती नियम आहेत, राजा उडत नाही," पंच म्हणाले. "हात लावलास ना? आता राजाच हलव, एक घर."

"आवं, आमच्यात एकदा उडतो की!"

त्याने राजा निमूट एक घर सरकवला आणि मी लगेच मात केली. स्पर्धेतून तो बाद झाला, पण मोहरे पुन्हा मांडायला लागला.

"गड्या, तुझा राजा हत्तीमागं लपतोय. आमचा सोता उडी मारतोय. चल, आता आमच्या रीतीनं एक डाव. का भ्यालास?"

भिणार, आणि मी? बाहेरच्या ओट्यावर आम्ही पट मांडला. त्या डावात कोण जिंकलं, ते सोडा. संधी मिळताच मी माझा राजा उडवला, तसा तो मांडीवर थाप मारून ओरडला, "आता कसा राजा दिसतोय!"