समोरच्या अंगणातून पाहिलेले प्रभाकरराव

प्रभाकरराव निमजे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी मला बाद केलं. आमच्या महाविद्यालयात कबड्डीच्या पकडीचा प्रशिक्षक म्हणून मी त्या दिवशी रुजू झालो होतो. अंगात नवा ट्रॅकसूट, गळ्यात नवी शिट्टी आणि डोक्यात आपण फार मोठे पकडवीर असल्याचा समज. मैदानावर पोचलो तर एक सडपातळ गृहस्थ मुलांना चढाई शिकवत होते. मी नाव सांगितलं. त्यांनी मला न्याहाळलं, म्हणजे मुख्यतः माझे पाय न्याहाळले, आणि म्हणाले, "पकड शिकवता म्हणता ना कोलते सर? मंग पकडा मले."

मी डाव्या कोपऱ्यात उभा राहिलो. प्रभाकरराव दम घुमवत आले. त्यांची नजर उजवीकडे होती, मी तिथे आहे हे ते विसरलेच आहेत असं वाटावं अशी. मी त्यांच्या गुडघ्यावर झेप घेतली. गुडघा जागेवर नव्हता. मी मातीत, माझ्या खांद्यावर त्यांची थाप पडलेली, आणि ते मध्यरेषेपलीकडे उभे राहून हसताहेत. पोरं टाळ्या पिटत होती. "मनाले लावून घेऊ नका," हात देऊन मला उठवत ते म्हणाले, "पहिल्या दिवशी सगळेच उडी मारते. चला, तर्री पोहे खाऊ." तिखटजाळ रस्सा ओतलेले ते पोहे खाता खाता मी त्यांना मनातल्या मनात बऱ्याच शिव्या घातल्या. आज त्यांच्या साठीपूर्तीच्या ग्रंथात हे कबूल करायला हरकत नाही.

या ग्रंथाच्या वाचकांत लकडगंजातले त्यांचे भाऊबंदही असतील. थोरल्या भावांनी लाकडाचं दुकान सांभाळलं आणि धाकट्या प्रभाकरने मैदान धरलं, एवढंच त्यांना ठाऊक असणार. त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कबड्डीत एक गडी दम धरून समोरच्या अंगणात एकटा जातो, कोणाला तरी शिवतो आणि दम सुटायच्या आत परत येतो. ही चढाई. समोरचे त्याला धरून ठेवतात, ती पकड. बहुतेक कॉलेजांत दोन्ही गोष्टींना मिळून एकच प्रशिक्षक असतो. आमच्याकडे पूर्वीच्या एका हौशी प्राचार्यांनी दोन पदं निर्माण केली. प्रभाकररावांनी चढाई शिकवायची आणि मी पकड. त्यामुळे रोज संध्याकाळी त्यांनी तयार केलेल्या मुलांना माझ्या मुलांनी पकडायचं, असा आमचा सरकारमान्य तंटा पंचवीसेक वर्षं चालू आहे. आम्हा दोघांच्या वरचे मुख्य प्रशिक्षक तेवढ्या काळात बरेच आले आणि गेले. करंडकासोबतच्या फोटोंत तेच मधोमध असतात, आणि प्रभाकरराव असलेच तर कडेला, तेही कोणाच्या तरी पाण्याच्या बाटल्या धरून.

त्यांना याचं कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते गेल्या दिवाळीनंतर, आणि तेही फोटोमुळे नाही. ते निवृत्त झाले की चढाईच्या प्रशिक्षकाचं पद रद्द होणार, अशी कुणकुण लागली तेव्हा. माझं पद राहणार होतं. "पकड शिकवावी लागते, चढाई काय, अंगातच असावी लागते," असं वरच्या मंडळींचं मत पडलं होतं. प्रभाकररावांनी ते ऐकलं आणि त्या संध्याकाळी सरावात एकाही मुलावर ओरडले नाहीत. माणूस निवृत्त होतो ते ठीक आहे. पण आपण जन्मभर जे शिकवलं, ते शिकवण्यासारखं नव्हतंच, असं जाता जाता ऐकायला मिळावं, हे मला फार लागलं.

आणि ते किती खोटं आहे हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार! त्यांच्या शिकवण्याचा मार मी रोज खाल्लाय. जरीपटक्याच्या कापडबाजारातल्या एका दुकानदाराचा जितू नावाचा मुलगा त्यांच्याकडे होता. वाऱ्यासारखा जायचा. एकदा माझ्या तिघांनी साखळी करून त्याला असा काही दाबला की त्याचा खांदा निखळला. बरा होऊन आला, पण मध्यरेषेशी गेला की पाय थिजायचे. आम्ही सगळे त्याला धीर द्यायला धावलो. मी तर चांगलं लांबलचक भाषण केलं. प्रभाकररावांनी त्याला एका शब्दाने समजावलं नाही. त्यांनी त्याला आणून माझ्या पकडवाल्यांत उभं केलं.

"काहून सर?" जितू रडवेला झाला. "मले टीममधून काढून राहिले काय?"

"काढत नाही बाबू. तू इथून पाहा. येणारा एकटा असते अन् हे सात जण त्याले पाहून किती भेतात, थे पाहा."

महिनाभर जितू माझ्या अंगणात उभा राहिला. माझ्या वाघांचे गुडघे चढाई येताना कसे लटपटतात हे त्याने जवळून पाहिलं. नंतर तो चढाईवाल्यांत परत गेला आणि त्याने आम्हाला सळो की पळो करून सोडलं. विद्यापीठाच्या संघातही निवड झाली. हे अंगात असणं म्हणायचं का शिकवणं, ते वाचकांनीच ठरवावं.

प्रभाकररावांच्या मनाच्या मोठेपणाबद्दल एकच प्रसंग सांगतो, कारण तो माझ्या घरातला आहे. माझ्या वडिलांची शस्त्रक्रिया होती आणि मी दवाखान्यात अडकलो होतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आलेली. रोज संध्याकाळी सराव आटोपून प्रभाकरराव नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरून डबा घ्यायचे आणि दवाखान्यात आणून द्यायचे. वडिलांशी ते भाजीच्या भावापासून राजकारणापर्यंत सगळं बोलत, आणि वडील मला सोडून त्यांचीच वाट पाहत. मी विचारलं, माझ्या पोरांचं काय चाललंय? "चालू आहे तुहं दुकान," एवढंच म्हणाले. परत मैदानावर आलो तर माझ्या पकडवाल्यांनी त्यांच्या एकेका चढाईपटूला उचलून आपटायचा सपाटा लावलेला. चौकशी केली. आपला कोणता गडी कोणत्या पायावर वळतो, कोणाचा दम कधी तुटतो, कोण घाबरला की डावीकडेच पळतो, हे सगळं प्रभाकररावांनी स्वतः माझ्या मुलांना शिकवून ठेवलं होतं! मी म्हटलं, "भाऊ, आपल्याच पोरांची घरं फोडली तुम्ही." तर म्हणाले, "मंग काय झालं? तुह्या पोरायचं नुकसान काहून करू? अन् माह्या पोरायले आता नवीन काही शिकावं लागन, बसून राहिले होते लेकाचे."

आता पदाचं काय झालं ते सांगतो. आमच्या नव्या प्राचार्या मॅडम यवतमाळकडच्या. स्वभावाने मोकळ्या, बोलायला रोखठोक. गौरव समितीतर्फे आम्ही प्रभाकररावांना घेऊन त्यांना भेटलो. शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं ठरलं. सत्कारमूर्तींची काही इच्छा, असं मॅडमनी विचारलं तेव्हा प्रभाकरराव म्हणाले, "शाल नको मॅडम, दोन झाल्या घरी. तुम्ही एक दिवस मैदानावर या."

मॅडम आल्या. येताच त्यांनी सांगून टाकलं, "निमजे सर, मी स्पष्टच बोलते. शाळेत मी स्वतः चढाई करायचे. कोणी शिकवलं नव्हतं. अजूनही जमेल मला."

"मंग करा ना," प्रभाकरराव म्हणाले.

मॅडमनी चपला काढल्या, ओढणी कमरेला गच्च बांधली आणि मुलींच्या संघासमोर उभ्या राहिल्या. माझ्या मुली माझ्याकडे पाहायला लागल्या. प्राचार्यांना पकडायचं की नाही? मी काही बोलायच्या आत प्रभाकररावच ओरडले, "पाहून काय राहिल्या वं? पकडा त्याहिले!"

मॅडम गेल्या. दम छान होता, आवाज खणखणीत. पण दुसऱ्याच पावलाला डाव्या कोपऱ्यातल्या वैशालीने त्यांचा घोटा असा धरला की मॅडम अलगद मातीत बसल्या. वैशालीच्या तोंडचं पाणी पळालं. मॅडम मात्र खो खो हसत सुटल्या. "अरे, शाळेत तर मी सुटायचे!"

"शाळेत समोरच्या पोरीयले कोणी शिकवलं नव्हतं मॅडम," प्रभाकरराव म्हणाले. "इथं कोलते सर आहेत."

पंचवीस वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक. तेही स्वतःचं पद पणाला लागलेलं असताना! मी मान फिरवून उगाच शिट्टी पुसत बसलो.

मग त्यांनी मॅडमना शिकवलं. नजर कुठे ठेवायची, वजन कोणत्या पायावर, घोट्यावर हात येतोय हे समोरच्या मुलीच्या खांद्यावरून कसं ओळखायचं. मॅडम शाळकरी मुलीसारख्या मान डोलवत होत्या. चारदा पकडल्या गेल्या, पाचव्यांदा गेल्या आणि वैशालीच्या बोटांतून पाय सोडवून परत आल्या. स्वतःहून कोणाला शिवल्या नाहीत, मिळाला तो वैशालीने धरलं म्हणून एकच गुण. पण मध्यरेषा ओलांडल्यावर त्यांनी दोन्ही हात वर करून जी आरोळी ठोकली, ती ऐकून ग्रंथालयातली मुलं खिडकीत आली. मी वैशालीला बाजूला घेऊन विचारलं, सोडलंस का? ती चिडली. "नाही सर, खरंच धरून राहिली होती मी. सुटल्या त्या!"

पंधरा दिवसांनी मॅडमच्या सहीचं पत्र निघालं. पद कायम राहिलं. मी ते वाचून दाखवलं तेव्हा प्रभाकरराव मध्यरेषेजवळ खाली बसले आणि म्हणाले, "कोलते, मले वाटलं होतं माह्यासंगच संपते." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, आणि ते लपवण्याचं मला काही कारण दिसत नाही.

मॅडमनी त्यांनाच विचारलं, तुमच्या जागी कोण? मी मनात त्यांच्या जुन्या शिष्यांची नावं धरून चाललो होतो. जितू होता, अजून दोघे-चौघे होते. प्रभाकररावांनी नाव दिलं वैशालीचं. एमपीएड पूर्ण करून ती यंदा बाहेर पडते आहे. माझी वैशाली! पाच वर्षं घासून घासून तयार केलेला माझा डावा कोपरा. मी तिथल्या तिथे हरकत घेतली.

"तुह्यापाशी ती पाच वर्सं चढाई पाहून राहिली," ते म्हणाले. "मी इतकं जवळून कोणाले दाखवू शकलो नसतो. तयार करून दिली तू मले."

पुढल्या महिन्यापासून वैशाली चढाई शिकवणार आहे आणि माझ्या पकडवाल्यांचं काही खरं नाही. तिने आताच मला बजावून ठेवलंय की, सर, तुमची पोरं कुठे चुकतात ते सगळं मला माहीत आहे.

तेव्हा प्रभाकरराव, तुमच्या साठीनिमित्त तुम्हाला निरोगी, भरपूर आणि आनंदाचं आयुष्य लाभो, गुडघे शाबूत राहोत आणि तर्री पचत राहो. निवृत्त झालात म्हणून घरी बसू नका. रोज संध्याकाळी पाचला मैदानावर या, आणि आता वैशालीला कसं पकडायचं ते माझ्या बाजूला उभं राहून मला शिकवा.