नवापूरच्या डोंगरात तारेला पडलेला बाक

"जंगलात राहायची सवय आहे का?" कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, आणि सवय नसताना मी हो म्हणून मोकळी झाले. साठच्या दशकातली गोष्ट. पुण्यातल्या पुरातत्त्वाच्या एका कचेरीत मी नुकतीच लागले होते. खानदेशातून गुजरातकडे विजेची मोठी लाइन जाणार होती. टॉवरचे खड्डे खणण्याआधी वाटेत जुनं काही आहे का ते बघायला आमच्याकडून एक माणूस मागितला होता. सहकारी सगळे लग्नसराईत गुंतलेले, म्हणून 'माणूस' म्हणून मी गेले. आईने अबोला धरला, आणि निघायच्या दिवशी मात्र डबाभर दशम्या करून दिल्या.

नातीचं म्हणणं, आजी, हे ब्लॉगवर लिही, लोक हल्ली तिकडे फिरायला जातात. जात असाल तर थंडीत जा. मी मनमाडला गाडी बदलून जळगावला गेले आणि तिथून सुरतेच्या पॅसेंजरने नंदुरबारला. ती पॅसेंजर प्रत्येक स्टेशनावर पाहुणचार घेत चालायची. आता गाड्या बऱ्या आहेत म्हणतात. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातला तालुका होता. स्टेशनाबाहेर आल्यावर आधी शिंक येते, मग गाव दिसतं, कारण जिकडेतिकडे मिरच्या वाळत घातलेल्या असतात. रुमाल हाताशी ठेवा.

सर्व्हेचा तळ रनाळ्याच्या बाजूला पडला होता. प्रमुख दाते साहेब, इंजिनियर. माणूस हुशार, कामाचा, आणि घाईचा. मला बघून त्यांचा चेहरा पडला तो त्यांनी लपवलाही नाही. "बाई, जीपमध्ये पुढे बसा, आणि उशीर करू नका," एवढंच स्वागत. मजुरांचा मुकादम भिका आप्पा, रनाळ्याचाच. त्याने मात्र मला लगेच आपलंसं केलं. "ताई, भाकर खाई ल्या पह्यले. साहेबना काम काय, चालतंच ऱ्हास."

पहिला टप्पा कोरीटकडचा, सपाटीचा. तिथे एका गुजर पाटलांच्या शेतात टॉवरची खूण पडली होती, ऐन केळीच्या बागेत. पाटलांनी आम्हाला ओसरीवर बसवलं, खिचडी-कढी वाढली, वर तुपाची वाटी उपडी केली आणि हसत हसत म्हणाले, "साहेब, केळी कापाले लावशात का?" दाते साहेबांनी नकाशा उघडला, पेन्सिल फिरवली, आणि टॉवर बांधाच्या पलीकडे गेला. जवळच एक पांढर होती. पांढर म्हणजे मोडलेल्या जुन्या गावाचं पांढऱ्या मातीचं टेकाड. मला तिथे काळ्या-तांबड्या खापरांचे तुकडे मिळाले, म्हणून आणखी एक खूण सरकली. लोकांना विचारून काम करणं इतकं सोपं असतं, असं वाटून मी त्या दिवशी फार खूश होते.

मग आम्ही नवापूरच्या डोंगरांकडे वळलो. रस्ता खराब, धूळ केसांत. चिंचपाड्याला मिशनच्या दवाखान्यापाशी गाडी थांबवून चहा घेतला. तिथून पुढे साग, मोह आणि मधूनमधून तुरीची शेतं. नवापूरची तूरडाळ मिळाली तर घेऊन या. तशी चव मला पुण्यात आजवर सापडलेली नाही. पुढे डोंगरात ज्या गावी पोचलो त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. उगाच गर्दी नको.

गावात आमचे दुभाषे म्हणून याकोब गुरुजी होते. तिथल्याच शाळेत शिकवायचे. त्यांच्या वडिलांनी ख्रिस्ती धर्म घेतला होता, पण वडिलांची बहीण, जमनीबाई, जुन्या चालीवर राहिली होती. गुरुजी तिला फुई म्हणत, म्हणजे आत्या. दोन्ही घरं एकाच अंगणाला लागून, भांडण काही नाही. माझी राहायची सोय गुरुजींकडे झाली. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी, उडदाची आमटी आणि सुकी मासळी. मी मासळी खाऊ शकले नाही तेव्हा जमनीबाई इतकी हसली की मलाही हसू आलं.

टॉवरची जागा डोंगराच्या खांद्यावर होती, एका मोठ्या मोहाखाली. तिथे गुडघाभर उंचीचे दगड ओळीने उभे होते. रंग नाही, फूल नाही, गवतात अर्धे बुडालेले. मी गवत बाजूला केलं तर एकावर चंद्र-सूर्य कोरलेले, दुसऱ्यावर घोडेस्वार. मेलेल्या माणसांचे दगड, गुरुजींनी सांगितलं. एक गुरुजींच्या आज्याचा, म्हणजे जमनीबाईच्या बापाचा. दाते साहेब तोवर त्याच्याच शेजारच्या दगडावर बसून डबा खात होते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. जमनीबाई दुरून बघत होती. ओळीच्या ऐन मधे साहेबांच्या माणसांनी सर्व्हेचा दगड पुरला होता. तिथे खड्डा पडला असता तर सगळीच ओळ उखडली असती.

दुपारी लोक जमले. दाते साहेबांनी सरळ विचारलं, "इथे टॉवर येणार. कोणाची हरकत?"

गुरुजींनी त्यांच्या बोलीत सांगितलं. कोणी काही बोलेना. एक म्हातारा विडी वळत राहिला. मग जमनीबाईने एक प्रश्न विचारला, आणि गुरुजी म्हणाले, "फुई विचारते, या तारेने आमच्या घरात दिवा लागेल का?"

"या लाइनमधून नाही. ही मोठी लाइन आहे, पुढे जाते," साहेब म्हणाले. खरं तेच बोलले. म्हाताऱ्याने विडी पेटवली. साहेबांनी वहीत टिपलं आणि मोठ्याने वाचलं, "गावकऱ्यांची हरकत नाही. उद्या सकाळी खणायला घ्या."

मी म्हटलं, "अहो, त्यांनी उत्तर कुठे दिलंय?"

गुरुजीही म्हणाले, "साहेब, आमच्याकडे गावाच्या गोष्टीला जागच्या जागी उत्तर देत नाहीत. घरी जाऊन बोलतात, मग सांगतात. लगेच बोलणारा माणूस उथळ समजतात."

"केळीवाल्याने तर लगेच सांगितलं," साहेब म्हणाले आणि जीपकडे गेले. मला भयंकर राग आला. केळीसाठी पेन्सिल लगेच फिरली होती, इथे ती खिशातून बाहेरही निघाली नाही. त्या शिळांबद्दल मी लिहून देणार असं मी त्यांना ऐकवलं, तर ते म्हणाले, द्या की, तुमचा कागद पोचेपर्यंत पाया भरलेला असेल. तेही खरंच होतं. संध्याकाळी अंगणात बसून मी गुरुजींपाशी धुसफूस केली. ते उठले आणि सायकल काढून नवापूरच्या बाजाराला जाऊन येतो म्हणाले. मला त्यांचाही रागच आला. आज्याचा दगड उद्या उखडणार आणि यांना बाजार सुचतो!

सकाळी डोंगरावर चढलो आणि पुढे गेलेला भिका आप्पा एकदम थबकला. रात्रीतून सगळे दगड शेंदराने लालभडक झाले होते, तेल ओघळत होतं, पुढे तांदूळ आणि फुटका नारळ. मधला आमचा सर्व्हेचा दगडसुद्धा सोडला नव्हता, उलट त्यालाच सगळ्यात जास्त शेंदूर. आप्पाने कुदळ खाली ठेवली आणि हात जोडले.

"आप्पा, खणा," साहेब म्हणाले.

"नही साहेब. आठे देव बठी ग्या. मन्हा घर पोरंसोरं शेतस." इथे देव बसलाय आणि घरी लेकरं आहेत, असं त्याचं म्हणणं.

"अरे, तो दगड तूच पुरलास ना?"

"हां, पण तवय तो देव नव्हता." बाकीचे मजूरही मागे सरले. साहेबांनी ओरडून पाहिलं, दुसरे मजूर आणतो म्हणून धमकावलं. आप्पा शांतपणे म्हणाला, "कोणबी आना साहेब, शेंदूरवर कुदळ कोण मारस?"

जमनीबाई मोहाखाली बसली होती. साहेब तिच्यावर उखडले, "काल काही बोलला नाहीत, आणि आज हे काय?"

तिने बोलीत दोनच शब्द उच्चारले. गुरुजींनी सांगितलं, "म्हणते, हे उत्तर."

साहेबांनी एकदा लाइन जायची होती त्या दिशेला पाहिलं. मग माझ्याकडे वळून, सगळ्या दौऱ्यात पहिल्यांदाच, हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमचा तो शिळांचा कागद आत्ता इथेच लिहून द्याल का? पुरातत्त्वाच्या सूचनेवरून वळवली असं दाखवता येईल." मी दगडावर नाही, जमिनीवर फतकल मारून बसले आणि लिहून दिला. टॉवर खालच्या उतारावर गेला. लाइन सरळ जायची ती तिथे वाकली, आणि साहेबांचा खर्च वाढला. मजुरांसमोर त्यांना दोन पावलं मागे यावं लागलं आणि ते आले, याबद्दल मी त्यांना मनातल्या मनात मानलं.

उतरताना मी जमनीबाईला विचारलं, दरवर्षी असाच शेंदूर लावता का? ती हसायला लागली. मोडक्या मराठीत म्हणाली, "आमच्या दगडाला शेंदूर नाय लागत, पोरी. मोहाच्या दारूची धार पडली का झालं. शेंदूर तुमच्या माणसांसाठी."

गुरुजींच्या घरी चहा घेताना कप त्यांच्या हातात होता. नखांत लाल कडा. काल संध्याकाळची सायकल मला तेव्हा कुठे आठवली, आणि माझ्या रागाची मलाच लाज वाटली.

"गुरुजी, तुम्ही तर ख्रिस्ती!"

"मी आहे. आजा नव्हता," ते म्हणाले आणि चहात बिस्किट बुडवून खाल्लं.

पुण्याला परतल्यावर आईने आधी मला आणि मग माझ्या साडीला आंघोळ घातली. शेंदराचा डाग काही गेला नाही, तर तिने त्या साडीची गोधडीत भर घातली. साहेबांच्या अहवालात 'गावकऱ्यांची हरकत नाही' हे वाक्य तसंच राहिलं. लाइन वाकण्याच्या कारणाखाली माझी सही लागली. जमनीबाईचं नाव कुठेच नाही. याची रुखरुख मला आजही आहे. म्हणूनच हे लिहिते आहे.

तुम्ही त्या बाजूला गेलात तर शिळांजवळ जाण्याआधी गावात विचारा, आणि लगेच उत्तर मिळालं नाही तर चहा घेत थांबा. एक गोष्ट मात्र कोणाला न विचारता दिसेल. मैलोगणती सुतासारखी सरळ येणारी तार एका डोंगराच्या खांद्यापाशी उगाचच खाली वळते आणि मोहाच्या झाडाला वळसा घालून पुन्हा वर येते. जमनीबाई तिथे बोलली होती.