माझा आवाज काढून टाकलेला कोर्स

पडद्यावर माझं तोंड उघडंच राहिलं होतं. साहेबांनी व्हिडिओ मध्येच थांबवायला सांगितला, बरोबर मी बोलत असताना. जळगावच्या त्या एसी हॉलमध्ये भिंतीएवढी मी. तोंड वासलेलं, डोळे अर्धे मिटलेले. पहिल्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग बाकीचेही हसले.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले. "शिकवतेय की बाजारात मेथी विकतेय?"

साहेब म्हणजे आमच्या संस्थेचे संचालक. त्यांच्याच धुळ्याच्या नर्सिंग कॉलेजात मी कंत्राटावर शिकवायची. खेड्यापाड्यातल्या आशाताईंसाठी ऑनलाइन कोर्स तयार करायचं काम माझ्यावर सोपवलं होतं. विषय, कमी वजनाच्या तान्ह्या बाळाची काळजी.

मी उभी राहिले. "साहेब, ज्या बाया शिकणार त्या घरात अहिराणी बोलतात, म्हणून..."

"कुठली गं तू?"

"शिंदखेड्याकडची."

"ते झालं गाव. कोण तुम्ही?"

प्रश्न सगळ्यांना कळला होता. मलाही.

"बौद्ध."

"तरीच," ते म्हणाले आणि चहाचा कप उचलला.

बस. एवढंच. ना शिवी, ना आरडाओरडा. तक्रार करायची म्हटली तर काय सांगू? की ते 'तरीच' म्हणाले?

तो कोर्स मी खुर्चीत बसून रचला नव्हता. आधी शिंदखेड्याच्या आशाताईंमध्ये जाऊन बसले. विचारलं, फोन कधी हातात येतो? कुणी म्हणाली, भाकरी टाकून झाल्यावर. कुणी म्हणाली, नवरा देईल तेव्हा. नेटवर्क मध्येच जातं. लांबलचक व्हिडिओ उघडतच नाही. म्हणून मी धडे लहान लहान केले. प्रत्येक धड्याच्या तोंडी एक प्रश्न. बाळाचे पाय गार लागताहेत, तू आधी काय करशील? तिनं आधी स्वतःचं उत्तर सांगायचं, मग पुढचं बघायचं. बाळाला आईच्या अंगाची ऊब कशी द्यायची ते दाखवायला माझी वहिनी कापडाची बाहुली उघड्या छातीशी धरून, वरून पदर घेऊन बसायची आणि मी बाजूला बोलायची. बाया आधी तोंडाला पदर लावून हसल्या. मग त्यांच्यातली सुमनबाई उठली, वहिनीच्या हातातून बाहुली घेतली आणि स्वतः धरून बघितली. बाहुलीची मान नीट धरली गेली नव्हती. दुसरीनं नीट करून दिली. तेव्हा मला वाटलं, जमलं.

हॉलमधल्या त्या दिवसानंतर कोर्समधून माझा आवाज काढून टाकला. वहिनीलाही काढलं. "उघडी बाई दाखवतात का कुठे?" असं साहेब म्हणाले. साहेबांची भाची आली, पुण्याला शिकलेली. उच्चार स्वच्छ. निळ्या पडद्यापुढे बसून तिनं वाचलं, "नवजात शिशूस मातेच्या त्वचेच्या सान्निध्यात ठेवावे." माझेच धडे. माझीच माहिती. लहान तुकडे जोडून एक लांब भाषण केलेलं. प्रश्न सगळे शेवटी, अ ब क ड. तिच्या शेजारी बसून पानं उलटायचं काम मला दिलं. मी उलटली. आतून नुसती धगधग. पण कंत्राट संपत आलं होतं आणि घर माझ्यावर होतं.

कोर्स सुरू झाला. कुणी बघेना. बाया उघडायच्या आणि बंद करायच्या.

सुमनबाईचा फोन आला. "ताई, ती बाई काय बोलस, माले काहीच समजत नही. तू का नही बोलनी?"



थोड्याच दिवसांत साहेबांनी जळगावला मीटिंग बोलावली. लवकरच बाहेरचे पाहुणे येणार होते, कोर्स किती जणींनी पूर्ण केला ते बघायला. भाची होती. आमच्या धुळ्याच्या प्राचार्य मॅडम होत्या. साहेब माझ्याकडे वळले.

"सगळ्यांना फोन कर. म्हणावं, व्हिडिओ लावून फोन बाजूला ठेवा, आपोआप पूर्ण होतो. परीक्षेची उत्तरं मेसेजवर टाक." मग म्हणाले, "आणि तुझ्या भाषेत सांग. तुझं ऐकतील त्या."

माझ्या भाषेत.

ज्या बोलीत बाळ वाचवायचं शिकवायचं नव्हतं, त्याच बोलीत खोटं बोलायला सांगत होते. या वेळी मी बोलले.

"नाही साहेब."

"काय?"

"मी फोन करणार नाही. शिकवायला माझी बोली चालली नाही, फसवायला कशी चालते? उद्या एखादीच्या हातात बाळ गार पडेल. तेव्हा तिनं काय अ ब क ड म्हणायचं?"

प्राचार्य मॅडमनी टेबलाखालून माझा हात दाबला. मी सोडवून घेतला.

साहेब लाल झाले. "जरा शिकलात की डोक्यावर बसता तुम्ही लोक."

"तुम्ही लोक म्हणजे कोण, साहेब? नाव घ्या ना. सगळ्यांसमोर घ्या."

त्यांनी नाव घेतलं नाही. भाची मोबाइलमध्ये बघत राहिली. साहेब म्हणाले, मीटिंग संपली.

माझं कंत्राट वाढवलं नाही. फोन दुसऱ्या कुणीतरी केले. बायांना प्रमाणपत्रं वाटली, पाहुण्यांच्या हातून. कोर्स यशस्वी झाला म्हणून फोटो आले. प्राचार्य मॅडम नंतर भेटल्या. म्हणाल्या, "थोडं सांभाळून घ्यायला हवं होतंस गं." मी म्हटलं, "मॅडम, मी आजवर तेच केलं. तुम्ही एकदा तोंड उघडलं असतं तर?" त्या निघून गेल्या.

आता एका खासगी दवाखान्यात ड्यूटी करते. सुट्टीला शिंदखेड्याला जाते. सुमनबाईच्या ओट्यावर वहिनी बाहुली घेऊन बसते, मी बोलते, सुमनबाई मध्येच टोकते, "हाई परत सांग, समजनं नही." मी परत सांगते. धडे पुन्हा पहिल्यापासून तयार होताहेत. परवा दुसऱ्या एका संस्थेच्या माणसानं ते मागितले. म्हणाला, छान आहेत, फक्त भाषा जरा शुद्ध करून देऊ आणि आवाज आमच्याकडचा घालू.

मी म्हटलं, मग मिळणार नाहीत. त्या धड्यांवर माझं नाव राहील, माझा आवाज राहील, अहिराणी अहिराणीच राहील. एक शब्द बदलायचा असला तर शिंदखेड्याला यायचं, ओट्यावर बसायचं आणि आधी या बायांना विचारायचं. ही माझी अट आहे.