रज्जाकभाईंची ट्रायलची चप्पल

गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही कुपवाडच्या आमच्या शेडमध्ये चप्पल भाजली. हो, बरोबर वाचलंत... लोखंडी वस्तूंवर रंगाची पूड भाजून बसवतात त्या पावडर कोटिंगच्या ओव्हनमध्ये, चांगली निळी, वापरातली चप्पल.

त्याचं असं झालं, की माझी लेक सई बर्फावर स्कीइंग करते. सांगलीत राहून हे खूळ कुठून आलं ते मला विचारू नका. आमच्याकडे बर्फ फक्त उसाच्या रसात असतो.

स्कीइंगचा बूट बाहेरून कडक प्लॅस्टिकचा आणि आत फोमचा जाड मोजा, त्याला लायनर म्हणतात. सईने बूट घेतले ते एका सीनियरचे, वापरलेले. त्यामुळे लायनर त्या मुलीच्या पायाला बसलेलं, आणि सईचा घोटा नुसता काचायचा. गेल्या वर्षी काश्मीरचा कोर्स चौथ्या दिवशी अर्धवट सोडून आली, अंगठ्याचं नख काळंनिळं झालेलं. बॅग माळ्यावर टाकली आणि आठवडाभर आमच्याशी धड बोलली नाही.

यंदा पुन्हा निवड झाली तेव्हा शांतपणे म्हणाली, "आई, हे शेवटचं. या वेळीही काचले तर स्कीइंग सोडून देते."

मग तिनेच शोधून काढलं, की हे लायनर पुन्हा गरम करून आपल्या पायावर बसवता येतं. एकशेवीस डिग्री, दहाबारा मिनिटं. मनालीला याची दुकानं आहेत म्हणे, पण निघायला उरले होते चार दिवस. आमचे हे म्हणाले, आपला ओव्हन रविवारी रिकामाच असतो की...

ओव्हन सांभाळतात रज्जाकभाई. बारा वर्षं आमच्याकडे आहेत, सईला लहानपणापासून बघितलंय. सुट्टी असूनही सकाळी हजर. आमच्या शेडमध्ये कुठलंही नवं काम आलं, की पहिला नग ट्रायलला टाकतात. पण इथे लायनर दोनच, ट्रायलला घालायचं काय? रज्जाकभाईंनी लायनर बोटांनी दाबून बघितलं आणि पायातल्या चपला काढून हातात घेतल्या. त्यांचं म्हणणं, फोम साधारण एकाच जातीचा दिसतोय.

मी म्हटलं, अहो राहू द्या, थेट लायनरच टाकू. तर म्हणाले, "वहिनी, पहिला नग ट्रायलचा असतोय. पोरीचा बूट काय ट्रायलचा हाय व्हय?"

डावी चप्पल गरम हवेच्या तोंडाशी ठेवली गेली. बाहेर आली ती पाच वर्षांच्या पोराच्या मापाची होऊन. आम्ही पोट धरून हसलो, पण मी मनात देवाचे आभार मानले, की ते लायनर नव्हतं. उजवी चप्पल मग मधल्या ट्रेवर ठेवली, ती मळलेल्या कणकेसारखी मऊ होऊन आली.

आता फोम पायाचा आकार घेतो का, ते बघायचं होतं. सईने आपला लोकरीचा मोजा पुढे केला आणि म्हणाली, चाचा, तुमची चप्पल, तुम्हीच पाय ठेवा. ते टाळायला लागले... माझा कशाला, तूच ठेव. सई ऐकते थोडीच. शेवटी त्यांनी मोजा चढवला तो आमच्याकडे पाठ करून.

चप्पल गार झाल्यावर त्यांनी पाय उचलला. आकार अगदी स्वच्छ उठला होता. तीन बोटं जागच्या जागी... आणि दोन एकमेकांवर चढून, भलतीकडेच वळलेली.

 मग त्यांनीच सांगितलं, की आमच्याकडे यायच्या आधी दुसरीकडे प्रेसवर होते, तेव्हा पायावर डाय, म्हणजे पत्रा दाबायचा लोखंडी साचा, पडला होता. बोटं वाकडीच जुळली. ते जरा कलून चालतात, चपलेतही कायम मोजे घालतात, मला वाटायचं सवय असेल.

खंडेनवमीला मशिनची पूजा झाली, की कामगारांना सेफ्टी शूज द्यायची आमच्याकडे पद्धत आहे. दर वर्षी मी नंबर विचारून रज्जाकभाईंच्या हातात आठ नंबरचा जोड ठेवायची. आणि दर सोमवारी शेडवर गेले आणि ते चपलेत दिसले, की चारचौघांत बोलायची. मी विचारलं, मग ते सगळे बूट?

"जावयाला व्हत्यात," ते म्हणाले. "तुमी एवढ्या मायेनं द्यायचा, न्हाई कसं म्हणायचं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग खरं काम झालं. सईच्या घोट्यावर आणि बोटांवर स्पंजचे तुकडे चिकटवले, म्हणजे तिथे जागा राहते. गरम लायनर बुटात घालून तिने दोन्ही पाय आत सरकवले. दहा मिनिटं अजिबात हलायचं नव्हतं. रज्जाकभाई जमिनीवर बसून तिचे बूट दोन्ही हातांनी धरून होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी घाबरून विचारलं, काचतंय का गं? तिने मान हलवली... नाही, काचत नव्हतं.

त्या दिवशी रज्जाकभाई मोटरसायकलवरून घरी गेले ते सईच्या गुलाबी स्लिपर घालून. पण त्याआधी सईने त्यांना खोक्याच्या पुठ्ठ्यावर उभं करून दोन्ही पाय पेन्सिलीने काढून घेतले. पुठ्ठा मला दिला आणि म्हणाली, हे आता तुझं काम. मिरजेच्या एका कारागिरांनी त्या मापावर बूट शिवून दिले, उजवा पुढून चांगला रुंद, आणि दोन्हींत बोटांवर लोखंडी टोपी.

काल सईच्या कोर्सचा पाचवा दिवस होता. दुपारी तिचा फोटो आला. बर्फाचा नाही... उघड्या पावलाचा. नखं ठणठणीत. खाली लिहिलं होतं, चाचांना दाखव.

रज्जाकभाईंनी मोबाइल लांब धरून बराच वेळ बघितला. मग नवा बूट घातलेला उजवा पाय पुढे केला आणि म्हणाले, "माझा बी काढा, वहिनी. पाठवा तिला."

पहिला फोटो हलला, ट्रायलचा म्हणून सोडून दिला. दुसरा छान आला.

रज्जाकभाई, थँक्यू... आणि माफ करा. इतकी वर्षं मी तुम्हाला बुटाचा नंबर विचारत राहिले, तुमचा पाय कधी बघितलाच नाही.