भावाच्या डोळ्यातलं तांबं

माझ्या भावाचं अक्षर बिघडायला लागलं तेव्हा तो दहावीत होता. त्याआधी त्याचं अक्षर इतकं देखणं होतं की शाळेत फळ्यावरचा सुविचार गुरुजी त्याच्याकडूनच लिहून घ्यायचे. कॉलनीत कुणाचं लग्न निघालं की दारावर नवरा-नवरीची नावं रंगवायला त्यालाच बोलावणं यायचं. मग एका पावसाळ्यात ते अक्षर बारीक होत गेलं. ओळीच्या सुरुवातीला बरं असायचं आणि शेवटाकडे जाता जाता मुंग्यांची रांग व्हायची. गुरुजींनी आधी समजावलं, मग छडी मारली. छडीनं तर हात आणखीच थरथरायला लागला.

श्रीगोंद्याजवळ एका साखर कारखान्याच्या कॉलनीत आम्ही राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात फिटर होते. आई घर सांभाळायची. भाऊ थोरला आणि मी धाकटी, एवढीच आम्ही भावंडं.

अक्षरानंतर त्याचं बोलणं गेलं. एकदम नाही, हळूहळू. शब्द जड झाले, एकमेकांत मिसळायला लागले. शर्टाची कॉलर लाळेनं ओली राहायला लागली. आई त्याला दिवसातून दोनदा शर्ट बदलायला लावायची आणि रागवायची, "एवढा घोडा झालास, तोंड मिटता येत न्हाई व्हय?" त्याला खरंच मिटता येत नव्हतं. त्याचा वरचा ओठ ताणला जायचा, दात उघडे पडायचे आणि चेहरा हसरा होऊन तसाच राहायचा.

त्या हसऱ्या चेहऱ्यानं त्याला मार खायला लावला. आमच्या घरांच्या ओळीतले एक मुकादम वारले. सगळी कॉलनी त्यांच्या दारात जमली, भाऊही अण्णांशेजारी उभा राहिला. मुकादमांनी त्याला लहानपणी सायकल शिकवली होती, तो त्यांच्यासाठी रडतच होता. पण डोळ्यांतून पाणी आणि ओठांवर हसू, असं ते तोंड दिसत होतं. मुकादमांचा मुलगा तिरडी बांधता बांधता उठला आणि त्यानं भावाच्या कानाखाली वाजवली. "माझा बाप मेलाय, आन् तू दात काढतो?" अण्णा पुढे झाले. भावाचा दंड धरून त्याला घरी घेऊन आले. त्या दिवसापासून तो बाहेर जाईनासा झाला.

अण्णांनी औषधपाण्यात कसूर केली नाही. कारखान्याच्या डॉक्टरांनी ताकदीचं औषध दिलं. नगरच्या एका डॉक्टरांनी हा मनाचा आजार आहे, अभ्यासाचा ताण घेतलाय, असं सांगून गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी तो लाकडासारखा ताठ झाला. खाटेवरून उठवायला दोघं लागायची.

मग आईनं अण्णांना न सांगता त्याला एका देवऋष्याकडे नेलं. अण्णांना ते कळलं भावाला अंघोळ घालताना, पाठीवरचे वळ बघून. ते ओरडले नाहीत. ओल्या हातानं बाहेर आले आणि म्हणाले, "आपल्या म्हाताऱ्यानं धर्म बदलला तवा देव्हारा उचलून नदीत सोडला. ते कशापायी?"

आई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "तुमचा डॉक्टर बरा करतोय का माझं लेकरू? करत आसंल तर सांगा. मी पुन्हा न्हाई जायची."

 अण्णा परत आत गेले आणि त्यांनी अंघोळ पुरी केली.

रोगाचा पत्ता लागला तो अण्णांच्या डोळ्यामुळे. कारखान्यात ग्राइंडरवर काम करताना लोखंडाचा कण त्यांच्या डोळ्यात उडाला. डोळा टरारून सुजला म्हणून नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं. आई तापानं पडली होती, भावाला घरी एकटं ठेवता येत नव्हतं. म्हणून आम्ही तिघं एसटीनं गेलो. त्याला धरायला मी. डॉक्टरीणबाईंनी अण्णांच्या डोळ्यातला कण काढला, पट्टी बांधली आणि मग त्यांचं लक्ष बाकावर वाकडा बसलेल्या भावाकडे गेलं.

"याला काय झालंय?"

"डोक्यावर परिणाम झालाय म्हणत्यात," अण्णा म्हणाले.

बाईंनी त्याला उठवून डोळे तपासायच्या यंत्रापुढे बसवलं. मी मागून त्याचं डोकं धरलं. बराच वेळ त्या एका डोळ्यात बघत होत्या, मग दुसऱ्या डोळ्यात. त्यांनी विचारलं, "याला कधी कावीळ झाली होती?"

झाली होती, सातवीत असताना. गावठी औषधानं उतरली म्हणून आम्ही ती विसरूनही गेलो होतो.

"हा वेडा नाही," बाई म्हणाल्या. "हे आधी नीट ऐका. याचं डोकं शाबूत आहे. तुम्ही या इथून बघा."

अण्णांनी पट्टी नसलेला डोळा यंत्राला लावला. घरी परतताना एसटीत त्यांनी मला सांगितलं, की बुबुळाच्या कडेनं एक तपकिरी, हिरवट कडं होतं, जुन्या भांड्याला चढतं तसलं. काळ्या बुबुळावर ते नुसत्या नजरेला दिसत नाही, म्हणून इतकी वर्षं कुणाला दिसलं नव्हतं. ते कडं तांब्याचं होतं.

बाईंनी चिठ्ठी दिली आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात भावाला दाखल केलं. तिथे मेंदूच्या आजाराचे एक तरुण डॉक्टर होते. रक्त, लघवी सगळं तपासून झाल्यावर त्यांनी आई-अण्णांना समोर बसवलं. मी दाराशी उभी होते.

"आपल्या जेवणात थोडं तांबं असतंच," ते म्हणाले. "डाळीत असतं, शेंगदाण्यात असतं. लागेल तेवढं घेऊन बाकीचं लिव्हर बाहेर टाकतं. याच्या लिव्हरला ते टाकता येत नाही, जन्मापासूनच. आधी तिथंच साठत गेलं, मग रक्तातून मेंदूत गेलं." मग म्हणाले, "असं होतं हे आम्हाला फार पूर्वीपासून माहीत होतं. नेमकं का होतं, ते आत्ता दोन-तीन वर्षांत कळलंय. त्याचं जनुक सापडलंय परदेशात. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा दोन खराब प्रती आल्या तरच हा आजार होतो. तुमचं लग्न नात्यात झालंय का?"

अण्णा म्हणाले, "मामाची पोरगी केली मी."

आईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती तांबं या शब्दापाशीच थांबली होती. तिच्या लग्नात माहेरहून तांब्याचा हंडा आला होता आणि तांब्याचं पाणी चांगलं म्हणून ती तो रोज चिंचेनं घासून त्यात पिण्याचं पाणी भरायची. "म्याच पाजलं त्याला," ती म्हणाली. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, हंड्यानं हे होत नाही, गावोगाव लोक हंड्यातलं पाणी पितात. पण निघताना त्यांनीच बजावलं, आता तांब्या-पितळेची भांडी नकोत, शेंगदाणे नकोत. आईनं तेवढंच खरं मानलं. घरी आल्यावर अण्णा तिला हंडा मोडीत घालू म्हणाले, तर ती म्हणाली, "दुसऱ्याच्या लेकरांनी प्यावं का मग त्यातलं?" शेवटी अण्णांनी तो कारखान्यात नेऊन घणानं चेपून आणला, तेव्हा ती गप्प बसली.

डॉक्टरांनी मलाही तपासायला सांगितलं होतं. मला काही होत नव्हतं. मी खो-खो खेळत होते, वर्गात पहिल्या पाचांत येत होते. माझ्या डोळ्यांत कडंही नव्हतं. तरी रक्त घेतलं आणि एका दिवसाची सगळी लघवी डब्यात साठवून द्यायला लावली. त्या डब्याची मला इतकी लाज वाटली की तपासणीची भीती वाटायची राहूनच गेली. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी मला जवळ बोलावलं. "तुलाही आहे," ते म्हणाले. "पण आपण लवकर पकडलाय. औषध घेतलंस तर तुला काही होणार नाही. मात्र ते जन्मभर घ्यायचं. बरं वाटतंय म्हणून सोडायचं नाही."

भाऊ चाकाच्या खुर्चीत होता. त्यानं ते ऐकलं. घरी येईपर्यंत आणि आल्यावरही किती तरी दिवस त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मी पाणी दिलं तर तोंड फिरवायचा. त्याला माझ्यासाठी वाईट वाटतंय, असं आई म्हणायची. मला तसं वाटलं नाही. दोघांना एकच रोग आणि मी दोरीवरच्या उड्या मारत होते. त्याच्या जागी मी असते तर मीही तोंड फिरवलं असतं.

आम्हा दोघांना एकाच औषधाच्या कॅप्सूल सुरू झाल्या. मला त्यांनी थोडी मळमळ झाली. भावाचं मात्र उलटंच झालं. महिनाभरात तो आणखी खाली गेला. हात वाकडे होऊन छातीशी आले, गिळताना ठसका लागायला लागला. अण्णा पुण्याला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, काही जणांना सुरुवातीला असं होतं, तांबं हलायला लागतं तेव्हा. काही जण सावरतात, काही नाही सावरत.

"मग द्यायचं का बंद करायचं?" अण्णांनी विचारलं.

"कमी करून देऊ," डॉक्टर म्हणाले. "बंद केलं तर नक्कीच जाईल."

त्याच दिवसांत एका दुपारी भावानं घशातून आवाज काढून मला बोलावलं. वाकडं बोट जमिनीकडे करून तो काहीतरी सांगत होता. मला कळेना. तो चिडला, लालबुंद झाला. मग माझ्या ध्यानात आलं, तो शहाबादी फरशीच्या सांध्याकडे बोट दाखवत होता. पुण्याला दाखल होता तेव्हा डॉक्टर त्याला तसं चालायला लावायचे, एका रेषेत, पावलाला पाऊल लावून. मी चालले. मग त्यानं हात पसरल्यासारखं केलं. मी दोन्ही हात पुढे धरले आणि तो माझी बोटं बघत राहिला, थरथरतात का ते. मग नाकाला बोट लावणं झालं. शेवटी ओठ हलवून त्यानं 'पापड' असा काहीतरी आवाज काढला. मी 'कच्चा पापड, पक्का पापड' भराभर म्हणून दाखवलं. एकदाही अडखळले नाही. त्यानं मान हलवली.

तेव्हापासून रोज दुपारी, शाळेतून आले की, तो माझी परीक्षा घ्यायचा. एखाद्या दिवशी मी कंटाळून घाईनं उरकलं तर पुन्हा करायला लावायचा. आधी कॅप्सूलच्या पाकिटाची रिकामी चांदी दाखवायची, मग परीक्षा. आई म्हणायची, "काय खूळ काढलंय ह्या पोरांनी." पण ती चुलीपाशी बसून सगळं बघत असायची. मी रेषेवर नीट चालले की पुन्हा कामाला लागायची.

ऊसगाळप सुरू झालं त्या थंडीत भाऊ गेला. घास छातीत उतरला, न्यूमोनिया झाला. नगरच्या दवाखान्यातून त्याला दुपारी घरी आणला, कारण तिथे आता करण्यासारखं काही नव्हतं. बाहेर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली, मळीचा आंबूस वास घरभर. आई त्याचं तोंड ओल्या फडक्यानं पुसत होती. श्वास थांबला तेव्हा त्याचा ताणलेला ओठ खाली आला आणि तोंड मिटलं. कितीतरी दिवसांनी तो आमच्या भावासारखा दिसला.

वर्ष सरल्यावर आत्या आली. अण्णांची सख्खी थोरली बहीण. तिच्या मुलाला मी लहानपणापासून बोललेली होते. आमच्यात ते ठरवायला लागत नाही, धरलेलंच असतं. आत्यानं विषय काढला तेव्हा अण्णा म्हणाले, "अक्का, हे लगीन करायचं न्हाई."

"का? पोरगी तर ठणठणीत हाय. गोळ्या खाऊ दे की, मला न्हाई आडचण."

"तिच्यासाठी न्हाई म्हणत. आपलं रक्त एक हाय. तुझ्या पोरातबी ती खोट आसंल, नसंल. आसली तर त्यांच्या लेकरांचं बी हेच."

"आमच्या रक्तात खोट काढतो व्हय तू?" आत्या म्हणाली. "रक्त तपासून कुनी लगीन केल्यालं आईकलंस का कधी?"

अण्णांना तिला जनुकाचं समजावून सांगता येईना. डॉक्टरांनी त्यांना कागदावर गोल काढून दाखवलं होतं, तसे त्यांनी जमिनीवर बोटानं काढले. आत्यानं त्या गोलांकडे बघितलंही नाही. ती चहा न घेताच उठली. पुढे तिनं मुलाचं लग्न दुसरीकडे केलं आणि आम्हाला पत्रिका आली नाही. अण्णा त्या लग्नाच्या दिवशी कामावर गेले, नेहमीसारखे. आई म्हणाली, "भाऊबी गेला, आन् भैनबी तुटली त्येंची." 'भाऊ' म्हणजे तिला माझा भाऊ, अण्णांचा मुलगा, म्हणायचं होतं. ती अण्णांसमोर मुलाचं नाव घेत नसे.

कॉलेजात गेल्यावर मी कॅप्सूल आणायला एकटीच पुण्याला जायला लागले. नगरला त्या मिळत नसत. एकदा दवाखान्याच्या बाकावर भंडारदऱ्याकडची एक बाई शेजारी बसली होती. तिच्या मांडीवर डोकं टेकून तिचा मुलगा झोपला होता. झोपेत त्याचे हात शांत होते. जागा झाला की हात उडायला लागायचे. तिनं मला विचारलं, "तू कुनाबरूबर आली?"

"एकटीच. मीच पेशंट आहे."

"तुला काय झालंय?"

मी सांगितलं, बहुतेक याला झालंय तेच.

तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझा हात हातात घेऊन उलटासुलटा केला. म्हणाली, "बोल की अजून कायबी. बोलत ऱ्हा."

 मी तिला आमच्या गावाचं सांगितलं, कारखान्याचं, माझ्या कॉलेजचं, एसटी कुठे बदलावी लागते त्याचं. भावाचं सांगितलं नाही. ती मुलाच्या केसांतून हात फिरवत माझ्या तोंडाकडे बघत राहिली. थोड्या वेळानं शिपायानं त्यांना आत बोलावलं. मुलाला आम्ही दोघींनी मिळून उभं केलं. त्याचं पुढे काय झालं, मला कळलं नाही. नंतरच्या खेपांना मी त्या बाकावर त्यांना शोधलं, पण ती मायलेकरं पुन्हा दिसली नाहीत.